उसना कान

शिरूर मागे पडले की पुण्याहून नगरला येणाऱ्या एसटीत एक खोटे हमखास ऐकू येते. गाडी अजून सुप्याच्या अलीकडे रेंगाळत असते आणि मागच्या बाकावरचा कोणीतरी मोबाइलवर घरी सांगत असतो, ‘आलोच, केडगाव ओलांडलंय.’ शेजारी बसलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. घरातला फोन भिंतीशी वायरने बांधलेला होता तेव्हा हे खोटे शक्यच नव्हते. फोन जिथे असे तिथेच माणूस असे, आणि पहिला प्रश्न असे ‘कोण बोलतंय?’ आता नाव पडद्यावर आधीच उमटते आणि पहिला प्रश्न होतो, ‘कुठं आहेस?’ नावाची आणि ठिकाणाची ही अदलाबदल झाली तेव्हा आपण कोणी फारसे थबकलो नाही. मीही थबकले नव्हते. मला थबकायला लावले ते भिंगारच्या नानांनी. निमित्त होते त्यांच्या एका छंदाचे, आणि त्या छंदाचा मराठी शिकवणाऱ्या बाईशी दुरूनही संबंध नसावा.

नाना आमच्या माहेरचे जुने शेजारी. रणगाड्यांच्या दलात वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर भिंगारलाच, भुईकोट किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, घर घेऊन राहिले आणि सरकारी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. ह्या मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. प्रत्येकाला एक कॉल-साइन मिळते. भारतातल्या बहुतेकांची ‘व्हीयू’ ह्या अक्षरांनी सुरू होते. आपल्या घरातून, आपल्या अँटेनावरून अनोळखी माणसाला हाक घालायची, त्याने ओ दिली की एकमेकांच्या कॉल-साइन आणि आवाज कसा येतो त्याचा अहवाल द्यायचा, वहीत वेळ-तारीख टिपायची आणि पुढे पोस्टाने एक कार्ड पाठवायचे. पैसे घ्यायचे नाहीत, धंद्याचे बोलायचे नाही. एवढ्यासाठी माणसे पहाटे तीनला उठतात हे कळले तेव्हा मला ते जरा वेडगळ वाटले होते. पण तसे पाहिले तर हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आयुष्य घालवणारी माणसे आपण आदराने पाहतो. असो.

नानांच्या कार्डावर ठिकाण म्हणून ‘अहमदनगर’ छापलेले आहे. २०२४मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या कार्डांचा गठ्ठा संपेपर्यंत नाना तीच वापरणार. त्याच कार्डावर गावाच्या नावाखाली दुसरे एक ठिकाणनाव आहे: ‘एमके७९’. हॅम लोकांनी सगळ्या पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांची एक जाळी टाकून ठेवली आहे. दोन अंश रुंद आणि एक अंश उंच अशा एका चौकोनाला दोन अक्षरे आणि दोन आकडे. हे नाव कोणत्याही मंत्रिमंडळाला बदलता येत नाही, असे नाना म्हणतात. ह्या चौकोनाची आठवण ठेवावी. पुढे तो पुन्हा येणार आहे.

ह्या छंदात एक मोठी शर्यत आहे. ‘डीएक्स सेंच्युरी क्लब’ असे तिचे नाव. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था १९३७पासून ती चालवते. जगाचे तीनशे चाळीस तुकडे पाडलेले आहेत. ते सगळेच देश नव्हेत. आपले अंदमान-निकोबार वेगळे धरतात, लक्षद्वीप वेगळे. पेंग्विनांखेरीज कोणी राहत नाही अशी बेटेही वेगळी. जितक्या तुकड्यांशी तुमचा संपर्क झाला तितके तुमचे गुण. काही तुकड्यांवरून वर्षानुवर्षे कोणी बोलत नाही. अंदमानातून १९८७नंतर हौशी रेडिओ बंदच होता. भारती प्रसाद ह्या हॅम बाईंच्या नेतृत्वाखाली एक तुकडी डिसेंबर २००४मध्ये पोर्ट ब्लेअरला गेली, तेव्हा तो पुन्हा ऐकू आला. ती मंडळी तिथे असतानाच २६ डिसेंबरची त्सुनामी आली आणि गुणांसाठी मांडलेली यंत्रे माणसांची खुशाली कळवण्याच्या कामी लागली. हे सांगताना नानांचा आवाज अजूनही बदलतो.

तीनशेच्या वर गुण मिळवलेल्या माणसाच्या जगात ठिकाण हे चलन असते. मी काय बोललो ह्याला तिथे किंमत नाही (बोलण्यासारखे नसतेच फारसे). मी कुठून बोललो आणि त्याने कुठून ऐकले, एवढ्यालाच आहे. पुरावा म्हणून दोघांचा शब्द आणि एक कार्ड. मला हे फार साहित्यिक वाटते. एखादा प्रवासवर्णनकार ‘मी तिथे होतो’ म्हणतो तेव्हा आपल्याकडे तरी त्याच्या शब्दापलीकडे काय असते?

ठिकाण लपवणे हाच धर्म होता असाही एक काळ होऊन गेला, आणि त्याचे एक टोक नानांच्या घराशेजारीच आहे. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. ते कुठे आहेत हे सरकारने जाहीर केले नव्हते. आत सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. त्या कोंडीत मौलाना आझाद एका मित्राला उद्देशून पत्रे लिहीत होते. ती धाडता येणार नाहीत हे ठाऊक असतानाही लिहीत होते. पुढे त्यांचेच ‘गुबार-ए-खातिर’ झाले. नेमक्या त्याच महिन्यांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते आणि आपला पत्ता ‘हिंदुस्थानात कुठूनतरी’ एवढाच सांगत होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा सारख्या बदलत. ते यंत्र जुळवणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी रेडिओवालेच. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. १२ नोव्हेंबर १९४२ला छापा पडला. एकीकडे ठिकाण लपवलेले कैदी, दुसरीकडे ठिकाण लपवलेला आवाज. आज त्याच किल्ल्याच्या सावलीत एक म्हातारा माणूस ‘मी नगरहून बोलतोय’ हे जगाला पटावे म्हणून धडपडतो, ह्याची मला गंमत वाटते.

काही वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला. नानांनी घर विकले आणि ते सावेडीला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिला नाही. लावू दिला असता तरी उपयोग नव्हता, असे नाना म्हणतात. शहरात आता इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि चार्जर यांचा इतका कचरा हवेत असतो की बारीक आवाज त्यात बुडून जातात. म्हणून पुतण्याच्या शेतात, टाकळी ढोकेश्वरजवळ, त्यांनी सगळे यंत्र हलवले. परवान्यावरचा पत्ता रीतसर बदलून घेतला. शेतातल्या खोलीत रेडिओ, बाहेर खांबावर अँटेना. आणि नाना चाळीसेक किलोमीटरवर आपल्या पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. इंटरनेटवरून ते डायल फिरवतात, इंटरनेटवरूनच बोलतात. आवाज मात्र टाकळीच्या माळावरून सुटतो. ह्याला ‘रिमोट स्टेशन’ म्हणतात.

एके वर्षी ते मुलाकडे न्यू जर्सीत सहा महिने राहिले. तिथूनही त्यांनी टाकळीचे स्टेशन चालवले. जपानच्या कोणीतरी ठिकाण विचारले, तर उत्तर ‘अहमदनगर, इंडिया’.

‘नाना, हे खोटं नाही का? तुम्ही तर एडिसनमध्ये होता,’ मी विचारले.

‘बाई, त्याला कुठला आवाज ऐकू आला? टाकळीचा. मग स्टेशन टाकळीचं. मी कुठं बसलोय ह्याच्याशी त्याला काय करायचंय?’

आणि नियमही तेच सांगतो. लीगच्या नियमानुसार दूरस्थ चालवलेले स्टेशन चालते. एका पुरस्कारासाठी वापरलेली सगळी स्टेशने जगाच्या एकाच तुकड्यात असली म्हणजे झाले. मात्र एक अट आहे आणि ती मला फार आवडली: एका संपर्कासाठी वापरलेले प्रक्षेपक आणि ग्राहक, म्हणजे बोलायचे यंत्र आणि ऐकायचे यंत्र, पाचशे मीटर व्यासाच्या एका वर्तुळात असले पाहिजेत. माणूस कितीही लांब असो. तोंड आणि कान एका गावचे हवेत. ही अट मोडली की नाही हे तपासण्याची सोय मात्र कोणाकडेही नाही. म्हणून त्याच नियमावलीत पुढे साधारण असे म्हटले आहे की, दूरस्थ संचालनाच्या बाबतीत आपली नैतिक मर्यादा ज्याने त्याने विचारपूर्वक ठरवावी आणि मिळवलेल्या आकड्यामागे निःसंकोच उभे राहता येईल असे वागावे. नियमांच्या पुस्तकात असा हात टेकलेला परिच्छेद मी प्रथमच पाहिला. विद्यापीठांच्या परिपत्रकांत तो कधी आढळत नाही.

अर्थात हॅम लोक म्हणजे सत्यवादी हरिश्चंद्र असे कोणी समजू नये. स्पर्धेच्या वेळी सगळे सगळ्यांना ‘फाइव्ह नाइन’ असाच अहवाल देतात. पहिला आकडा सुस्पष्टतेचा, पाचापैकी. दुसरा जोराचा, नवापैकी. म्हणजे पैकीच्या पैकी. आणि तो देऊन झाल्यावर लगेच विचारतात, ‘तुमची कॉल-साइन पुन्हा सांगा, ऐकू आली नाही.’ मी हसले तेव्हा नाना म्हणाले, ‘तुमचे अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क काय वेगळे असतात?’ मला उत्तर सुचले नाही. वीसपैकी अठरा देऊन नंतर विद्यार्थ्याला नाव विचारलेले आहे मी.

१९२८मध्ये पॉल सीगल नावाच्या अमेरिकी हॅमने ह्या छंदाची आचारसंहिता लिहिली. हॅम कसा असावा ह्याची सहा विशेषणे तीत आहेत: दुसऱ्याचा विचार करणारा, निष्ठावान, प्रगतिशील, मित्रभावी, समतोल आणि देशभक्त. ‘सत्यवचनी’ हे विशेषण तिथे नाही. माझी पेशाची खोड अशी की संहितेत जे नाही तिथेच बोट जाते. ते गाळले असे मला वाटत नाही. ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे ते लिहून ठेवायची त्या काळी गरज भासली नसावी.

नेदरलंड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २००८पासून एक रेडिओ इंटरनेटवर खुला ठेवला आहे. जगातल्या कोणीही ब्राउझर उघडावा आणि तिथल्या अँटेनाने ऐकावे. नानांनी मला एकदा त्याचा खेळ दाखवला. टाकळीच्या स्टेशनवरून त्यांनी स्वतःची कॉल-साइन उच्चारली आणि थोड्या उशिराने तोच आवाज, घासलेला, चढउतार घेत, हॉलंडहून लॅपटॉपमध्ये आला. आपलाच आवाज समुद्रापलीकडून परका होऊन यावा तसा. मी तेव्हा म्हटले होते, ‘किती छान सोय!’ नाना काही बोलले नाहीत.

त्या गप्प राहण्याचा अर्थ मला पुढे कळला. त्यासाठी आधी माझे सांगितले पाहिजे.

एम.ए. होऊन नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका नियतकालिकात नेवाशाच्या पैस खांबावर ललितलेख लिहिला होता. ज्ञानेश्वरांनी ह्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’मधला त्या खांबावरचा लेख मी एम.ए.ला असताना इतक्या वेळा वाचला होता की तो खांब मला घरातल्या खांबासारखा झाला होता. माझ्या लेखात मी त्या खांबाशी उभी होते. तळहाताला लागलेला त्याचा गारवा होता, प्रवरेवरून येणारा वारा होता. लेखाचे कौतुक झाले. ‘तुम्ही आम्हाला तिथे नेऊन उभे केलेत,’ असे एका वाचकाने कळवले. नेवासे नगरपासून साठ किलोमीटरच्या आसपास आहे. मी तोवर तिथे गेले नव्हते.

मी कोणाचे वाक्य उचलले नव्हते. शब्द माझे होते, लय माझी होती, एका प्रतिमेचा तर आजही मला अभिमान आहे. वाङ्मयचौर्याच्या कोणत्याही व्याख्येत तो लेख बसणार नाही. कल्पना हा लेखकाचा अधिकारच आहे, असेही मी वर्गात सांगत आले आहे. पण तो लेख ‘मी गेले, मी पाहिले’ असे म्हणत होता, कथा असल्याचा आव आणत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी जुन्या लेखांचे पुस्तक करावे असे मनात आले. नानांना वाचनाची आवड, म्हणून कात्रणे त्यांच्याकडे दिली. परत देताना त्यांनी तेवढा एक लेख वर ठेवला होता.

‘बाई, किती वाजता गेला होतात?’

‘का?’

‘नाही, वारा प्रवरेवरून येतोय म्हणता, खांब गार म्हणता. महिना आणि वेळ लिहायला पाहिजे होती. आम्ही वहीत आधी तेच लिहितो.’

प्रश्न सरळ होता. त्यात टोचणी नव्हती, निदान मला दिसली नाही. मी ‘आठवत नाही आता’ म्हणू शकले असते. काय झाले कोण जाणे, मी म्हणाले, ‘नाना, मी गेलेच नव्हते.’

नाना बराच वेळ कात्रणाकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी लोखंडी कपाटातून एक कार्ड आणले. नवासा बेटाचे. हैती आणि जमैका यांच्या मध्ये असलेले हे निर्जन बेट अमेरिकेच्या वन्यजीव खात्याच्या ताब्यात आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये हॅम लोकांची एक तुकडी तिथे दोन आठवडे राहिली होती. आपल्याकडून तो भाग जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे. नाना रोज पहाटे उठून प्रयत्न करत होते. सातव्या की आठव्या दिवशी बेटाचा आवाज टाकळीला पुसट येऊ लागला आणि नेमक्या त्या वेळी शेतीपंपांची थ्री-फेज वीज आली. तारेवर कुठेतरी चिमणी-कप फुटलेला होता; वीज आली की तिथे ठिणग्या पडत आणि रेडिओत नुसता कढईत मोहरी तडतडावी तसा गोंगाट. आवाज गेला. मोजून वीस-पंचवीस मिनिटे हातात होती. नानांनी ब्राउझर उघडला आणि अमेरिकेतला एक खुला रेडिओ लावला. बेट तिथे स्वच्छ ऐकू येत होते. हाक टाकळीहूनच घातली, शंभर वॉटची. तिसऱ्या हाकेला बेटाने त्यांची कॉल-साइन घेतली.

‘माझा आवाज पोचला, बाई. टाकळीचा आवाज नवासाला पोचला. त्यांनी खरंच ऐकला. ह्यात काही खोटं नाही.’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘फक्त मी त्यांना ऐकलं नाही. कान उसना होता.’

कार्डावर त्यांची कॉल-साइन आहे. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आहे. सगळे खरे. नानांनी ते कधी मोजणीला पाठवले नाही. यादीत नवासाची जागा रिकामी आहे आणि त्यांच्या वयाचा हिशेब केला तर बहुधा रिकामीच राहील. फाडूनही टाकले नाही. ‘फाडायचं कशाला? त्या पोरांनी तिथं उन्हात बसून माझं नाव लिहून घेतलंय.’

मी त्यांच्याशी वाद घातला. अर्थात स्वतःच्या बचावासाठी. सगळे वाचन म्हणजे उसना कानच नव्हे का? नेवाशाचा तो संवाद तरी आपण कोणाच्या कानाने ऐकतो? सच्चिदानंदबाबांच्या. मग नकलाकारांच्या, मग एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्या, मग शाळेतल्या बाईंच्या. पाचशे मीटरची अट साहित्याला लावली तर समोर बसलेल्या श्रोत्यांखेरीज कोणीच उरणार नाही. नानांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले.

‘उसना घ्या की,’ ते म्हणाले. ‘मी रोज हॉलंडच्या रेडिओवर ऐकतो. ऐकण्याला कोण नाही म्हणतंय? पण तेव्हा वहीत नोंद करत नाही.’

मग एकदम हसले. कार्डावरच्या छोट्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, ‘तुमचं एक बरंय. नगर एमके७९, नेवासं एमके७९. पैठणसुद्धा त्यातच. आमच्या हिशेबानं तुम्ही तिथंच होतात.’

ही सूट मला घ्यावीशी वाटली, हे कबूल करते. चौकोन चांगला ऐसपैस आहे. त्यात शिर्डीही मावते, संगमनेरही, आणि पलीकडे छत्रपती संभाजीनगरही. एवढ्या पैसात एक लेख सहज बसला असता.

तो लेख मी पुस्तकातून काढला नाही, ठेवलाही नाही. पुस्तकच तूर्त थांबले आहे. प्रकाशक दर महिन्याला विचारतात. गेल्या उन्हाळ्यात, सुट्टी लागल्यावर, एका सकाळी मी नेवाशाला निघाले. कोणाला सांगितले नव्हते, फक्त नानांना आदल्या दिवशी बोलले होते. गाडी घोडेगावच्या पुढे गेल्यावर मोबाइल वाजला.

‘कुठून बोलता?’ पलीकडून नाना.

मी खिडकीतून बाहेर पाहिले. ‘नेवासा फाटा यायचाय अजून,’ मी म्हणाले. ‘पोचले नाही, नाना. पोचल्यावर करते.’